रंग ओळखता येईनात म्हणून चित्रकला सुटली, बढती हुकली म्हणून नोकरी सोडली, मग या मास्तरांनी कारखानाच काढला

कल्याण-नगर महामार्गावर ओतूर सोडून आळेफाट्याकडे निघालं की पिंपरी पेंढार लागतं. जुन्नर तालुक्यातलं हे गाव. ऊस, कांदा, टोमॅटो आणि दूधधंद्याचा हा पट्टा. इथल्या गोठ्यात डोकावलं तर कोपऱ्यात कडबाकुट्टीचं मशीन असतं, विहिरीवर पंप असतो. आणि घरात बऱ्याचदा एखादा पोरगा किंवा पोरगी असते, जिची पदवी हातात आलीय पण पुढं काय हे ठरलेलं नाही. पुण्यात रूम घेऊन भरतीची तयारी करायची, चाकणच्या एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर लागायचं, का घरची शेती बघायची? घरातल्या प्रत्येकाचं यावर वेगळं मत असतं.

आता गंमत अशी की गोठ्यातलं ते मशीन आणि घरातला हा प्रश्न, दोन्हींचा धागा एकाच माणसापाशी जाऊन पोहोचतो. कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर इथं बनवून महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांपर्यंत नेणाऱ्या सुरुवातीच्या कारखानदारांमध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचं नाव येतं. पण या माणसाला कारखानदार व्हायचंच नव्हतं. त्यांना व्हायचं होतं चित्रकार. ते जमलं नाही म्हणून मास्तर झाले, मास्तरकीत पुढचा रस्ता बंद झाला म्हणून दुकानदार झाले, दुकानातून कारखाना झाला आणि त्या कारखान्यालाही एक दिवस जागा सोडायचा हुकूम आला.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा. गाव बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. इथं अनेकांचा एक घोळ होतो, तो आधी मिटवू. १८८० मध्ये 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर ते हे नव्हेत. ते नाटकवाले, हे नांगरवाले. गाव मात्र दोघांचं एकच.

वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात शास्त्र, पोथ्या आणि पाठांतराचं वातावरण. लक्ष्मणरावांचं मन शाळेच्या पुस्तकात लागत नव्हतं. त्यांना दोन गोष्टी आवडायच्या, चित्रं काढणं आणि हातानं काहीतरी जोडणं-मोडणं. आजच्या भाषेत सांगायचं तर मार्क कमी आणि छंद भलतेच. अशा पोराचं काय होणार, ही काळजी त्या काळातल्या घरातही होतीच.

वडिलांचा कल वेगळा असतानाही १८८५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मणराव मुंबईला गेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पाठीशी उभे राहिले ते थोरले भाऊ रामचंद्र, म्हणजे रामुअण्णा. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढं प्रत्येक वळणावर ते भेटणार आहे. योगायोग असा की १८८५ मध्येच त्र्यंबकेश्वरचा आणखी एक मुलगा जे. जे.त शिकायला आला होता, धुंडिराज गोविंद फाळके. पुढं एकानं चित्रं पडद्यावर हलवली आणि दुसऱ्यानं महाराष्ट्राची जमीन उलटीपालटी केली. दोघांनाही आपलं काम जे. जे.च्या वर्गात सापडलं नाही.

फाळक्यांचं सोडू. लक्ष्मणरावांच्या बाबतीत झालं असं की रेखाटनात त्यांचा हात चांगला होता, रंगाचा विषय आला की गाडी अडायची. साधारण दोन वर्षांनी कारण कळलं. त्यांना काही रंगांतला फरकच ओळखता येत नव्हता. आपण याला रंगांधळेपणा म्हणतो. हा दोष बहुतेकदा जन्मतः असतो आणि पुरुषांमध्ये जास्त आढळतो. सराव वाढवून किंवा जास्त तास बसून तो जात नाही. रोजच्या जगण्यात त्याची फारशी अडचण होत नाही, कित्येकांना आपल्याला तो आहे हेही माहीत नसतं. पण ज्याला रंगात काम करायचंय त्याच्यासाठी तो दारावरचा कुलूपबंद कडी-कोयंडाच.

घरच्यांच्या मनाविरुद्ध ज्यासाठी एवढ्या लांब आलो, तेच आपल्याला शारीरिकदृष्ट्या जमणार नाही, हे अठरा वर्षांच्या मुलाला कळणं म्हणजे काय असेल? मेहनत कमी पडली असती तर ती वाढवता आली असती. इथं वाढवण्यासारखं काही नव्हतंच.

लक्ष्मणरावांनी यावर जे केलं त्यात नाट्य काही नाही, पण नेमका विचार आहे. चित्रकलेतला रंग वजा केला तर उरतं काय? रेषा, माप आणि प्रमाण. या तिन्हींवर चालणारी एक शाखा होती, यंत्रांचं आरेखन. एखाद्या यंत्राचा भाग वरून, समोरून, बाजूनं कसा दिसेल हे मापासकट कागदावर काढायचं, म्हणजे तो कागद बघून कारागीर तो भाग घडवू शकेल. तिथं रंगाचं काम नाही, हात मात्र चित्रकाराचाच लागतो. लक्ष्मणरावांनी रंगकाम सोडलं आणि यांत्रिक आरेखन धरून ठेवलं. हातात जे आधीच होतं ते टाकून न देता त्याचा उपयोग होईल अशी शेजारची जागा शोधली.

वेळही जुळून आली. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झालं. आजचं माटुंग्याचं व्हीजेटीआय ते हेच, त्या काळी ते भायखळ्याला होतं. तिथं यांत्रिक आरेखन शिकवायला माणूस हवा होता. लक्ष्मणराव सहायक शिक्षक म्हणून लागले.

नोकरी मिळाली म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकून बसता आलं असतं. सुरक्षित नोकरी, मुंबईसारखं शहर, घरच्यांचीही तक्रार मिटलेली. पण संस्थेत वर्गखोल्यांशेजारीच कार्यशाळा होती आणि लक्ष्मणरावांचा पाय तिकडं वळायचा. कागदावर जे यंत्र आपण शिकवतो ते प्रत्यक्षात उघडून बघायचं, बिघडलेलं दुरुस्त करायचं, लेथवर हात बसवायचा. परदेशी तांत्रिक मासिकं वाचायची. यंत्रविद्येची कुठलीही पदवी त्यांच्याकडं नव्हती, पुढंही कधी आली नाही. जे काही इंजिनिअरिंग त्यांना आलं ते या वर्षांत, पगार शिकवण्याचा घेत आणि स्वतः शिकत.

हा भाग लक्ष्मणरावांच्या गोष्टीत बहुतेक जण घाईनं ओलांडतात, कारण यात धाडस दिसत नाही. राजीनामा फेकण्याचा प्रसंग सांगायला जास्त चुरचुरीत वाटतो. पण ही मास्तरकीची वर्षं काढून टाकली तर पुढचं काहीच उभं राहत नाही.

याच काळात सायकल आली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सायकल ही मोठ्या शहरातल्या हौशी आणि पैसेवाल्या लोकांची वस्तू होती. लक्ष्मणराव स्वतः सायकल चालवायला शिकले आणि त्यांच्या लक्षात आलं की ही वस्तू बेळगावातही खपेल. मग दोघा भावांनी वाटणी केली. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून पाठवायचे, रामुअण्णा बेळगावात त्या विकायचे. नुसती विकून भागत नव्हतं, कारण घेणाऱ्याला चालवता येत नसे. म्हणून शिकवायचीही सोय होती. दुरुस्तीही आलीच. किर्लोस्कर समूह आपलं जन्मवर्ष म्हणून १८८८ सांगतो, ते या उलाढालीचं.

म्हणजे नोकरी चालू, पगार चालू आणि बाजूला भावाच्या भरवशावर एक छोटा धंदा. आज याला साइड बिझनेस म्हणतात. लक्ष्मणरावांनी उडी मारली हे खरं, पण ज्या पाण्यात मारली त्याची खोली त्यांनी बरीच वर्षं आधी मोजून ठेवली होती.

उडी मारायची वेळ आली ती अपमानातून. संस्थेत वरची जागा रिकामी झाली. अनुभव आणि काम बघता ती लक्ष्मणरावांना मिळेल असं धरून चालण्यासारखं होतं. जागा मिळाली एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला. ब्रिटिश अमदानीत हे नवीन नव्हतं, हिंदी माणसानं कुठपर्यंत चढायचं याची पायरी ठरलेली असायची. कागदावर तसं लिहिलेलं नसे, पण सगळ्यांना ठाऊक असे. लक्ष्मणरावांना त्या दिवशी कळलं की आपण कितीही चांगलं शिकवलं तरी या इमारतीत आपली पायरी इथंच संपते.

१८९७ च्या सुमारास त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. वय अठ्ठावीसच्या आसपास. चित्रकार होता आलं नाही, मास्तरकीही सुटली. गावाकडच्या लोकांनी काय म्हटलं असेल, ते पिंपरी पेंढारच्या पारावर बसणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

बेळगावात सायकलींचं दुकान होतं, पण लक्ष्मणरावांचा जीव विकण्यात रमेना. दुसऱ्यानं बनवलेली वस्तू विकायची, यात त्यांच्या हाताला काम नव्हतं. त्यांना बनवायचं होतं. काय बनवायचं, तर ज्याची आजूबाजूला गरज आहे ते. बेळगाव परिसरात गरज एकाच धंद्याची होती, शेतीची.

सुरुवात कडबा कापायच्या यंत्रानं झाली. ज्वारीचा कडबा अख्खा टाकला की जनावरं पानं ओरबाडून खातात आणि जाड ताटं पायाखाली तुडवतात. तोच कडबा बारीक कापून दिला की वाया जाणं कमी होतं आणि तेवढ्याच वैरणीत जास्त दिवस निघतात. दुष्काळी मुलखात हा हिशेब साधा नसतो. यंत्रही तुलनेनं सोपं, फिरणारं चाक, त्याला पाती, बाजूनं कडबा सरकवायचा. आजच्या विजेवरच्या कुट्टीचं तत्त्व तेच आहे.

खरी परीक्षा नांगराची होती. तेव्हाचा शेतकरी लाकडी नांगर वापरायचा. गावच्या सुतारानं बाभळीचा घडवलेला, पुढं लोखंडी फाळ बसवलेला. हा नांगर जमीन चिरतो, पण ती पलटी करत नाही. काळ्या भारी रानात तो ओढायला बैलांच्या कितीतरी जोड्या लागायच्या आणि हरळी, कुंद्यासारखी तणं मुळासकट निघायची नाहीत. परदेशी लोखंडी नांगराला वाकडा पत्रा असतो, त्यामुळं मातीचं ढेकूळ उचललं जाऊन उलटं पडतं. तण गाडलं जातं, खालची माती वर येते. लक्ष्मणरावांनी परदेशी नांगर अभ्यासले आणि तसा नांगर इथं ओतायला सुरुवात केली.

नांगर तयार झाला, गिऱ्हाईक मात्र तयार होईना. लोखंडानं जमिनीला विष चढतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला माल खपायला दोन वर्षं गेली. दोन वर्षं म्हणजे बोलायला दोन शब्द. भट्टी चालवायची, कामगारांना पगार द्यायचा, लोखंड विकत घ्यायचं आणि कोपऱ्यात नांगर तसेच पडून राहायचे.

त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. बरेच जण ही गोष्ट सांगताना तसंच करतात. पण जरा त्यांच्या बाजूनं बघा. वर्षाचं पीक एका पावसावर. नवीन अवजार बिघडलं तर गावच्या सुताराला ते दुरुस्त करता येणार नाही. पैसे आधी द्यायचे, फायदा पुढच्या हंगामात दिसणार. ज्याच्या गाठीला काहीच नाही त्यानं प्रयोग का करावा? जमिनीला विष चढतं ही समजूत चुकीची होती, पण तिच्यामागची भीती खोटी नव्हती. लोखंडी नांगर शेवटी जाहिरातीनं जिंकला नाही. एकाच्या रानात तो चालताना शेजाऱ्यांनी बघितला, नांगरटीनंतरचं पीक बघितलं, मग मागणी सुरू झाली. गावाकडं नवी गोष्ट अजूनही अशीच पसरते.

जरा बस्तान बसतंय असं वाटत असतानाच बेळगावातून नवं संकट आलं. शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी म्हणून नगरपालिकेनं ती सोडायला सांगितली. यंत्रं, भट्टी, कामगार हे सगळं उचलून न्यायचं कुठं? हाताशी भांडवल नाही, दुसरी जमीन नाही. चित्रकला सुटली तेव्हा लक्ष्मणराव एकटे होते. या खेपेला त्यांच्या भरवशावर कुटुंबं होती.

मदत आली ती औंध संस्थानातून. साताऱ्याकडचं हे छोटं संस्थान. तिथले अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. लक्ष्मणरावांनी औंधच्या यमाई देवीच्या देवळासमोर मंडप उभारण्याचं काम केलं होतं आणि राजांनी त्यांचं काम जवळून पाहिलं होतं. बेळगावची हकीकत कळल्यावर त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली. कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचं कर्ज.

इथं जरा थांबून एक गोष्ट सरळ म्हणायला हवी. लक्ष्मणरावांची गोष्ट स्वतःच्या हिमतीवर सगळं केलेल्या माणसाची म्हणून सांगितली जाते. ती तशी पुरती नाही. पाठीशी भाऊ होता, घरात शिक्षणाची परंपरा होती, समाजातल्या वरच्या जातीत जन्म होता आणि ऐन अडचणीत एक राजा उभा राहिला. हे सगळं नसतं तर हाच हुशार मास्तर बेळगावात सायकली दुरुस्त करत म्हातारा झाला असता. मात्र राजाची मदत चिठ्ठी घेऊन गेल्यावर मिळालेली नव्हती. आधी हातानं केलेलं एक काम त्याच्या डोळ्यांसमोर होतं. आज नोकरीसाठी ओळख लागते म्हणून आपण वैतागतो, ते बरोबरच आहे. पण कामामुळं झालेली ओळख आणि वशिला यात फरक असतो.

१० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. मिळालेली जागा म्हणजे निवडुंग, दगड आणि सापांचं रान. सोबत पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं. पत्नी राधाबाई, मुलं, रामुअण्णा असं सगळं घरच त्या माळावर आलं. शंतनुराव तेव्हा सहा वर्षांचे होते. आधी राहायला आसरा करायचा, मग कारखान्याची शेड. टाटांचं जमशेदपूर तेव्हा नुकतं आकाराला येत होतं. कारखान्याभोवती गाव वसवायचं ही कल्पनाच देशात नवी होती, आणि इथं ती एका उखडून आलेल्या नांगरवाल्यानं माळरानावर हातात घेतली होती.

वाडीवर जे घडलं त्यातला नांगरांपेक्षाही जास्त बघण्यासारखा भाग म्हणजे माणसांची निवड. लक्ष्मणरावांकडं स्वतः सांगण्यासारखी डिग्री नव्हती. कदाचित म्हणूनच समोरच्याचा कागद बघून त्याची किंमत ठरवायची सवय त्यांना लागली नाही.

वाडी आखायची आणि चालवायची जबाबदारी रामुअण्णांनी घेतली. रस्ते, पाणी, घरं, सफाई हे सगळं त्यांच्याकडं. शंभुराव जांभेकर यंत्रं बघायचे. के. के. कुलकर्णी हे कुठल्याच एका कामात मावणारे गृहस्थ नव्हते, सगळ्यात थोडं थोडं येणारे. आज अशा माणसाचा सीव्ही बघून एचआरवाला गोंधळून जाईल. किर्लोस्करवाडीत ते व्यवस्थापक झाले, कारण नव्या कारखान्यात रोज नवं काहीतरी अडतं आणि तिथं असाच माणूस लागतो. मंगेशराव रेगे कारकुनी आणि हिशेब सांभाळायचे आणि मुख्य हिशेबनीस झाले. अनंतराव फळणीकर तर शाळाच अर्धवट सोडलेले. पण त्यांच्या डोक्यात यंत्रांच्या कल्पना यायच्या. त्यांच्याकडं इंजिनिअरचं काम आलं आणि त्यांनी ते केलं.

आणि मग दोन नावं येतात, जी ऐकून माणूस दचकतो. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघांनाही दरोड्याबद्दल शिक्षा झालेली. लक्ष्मणरावांनी त्यांना काय काम दिलं असेल? वाडीच्या राखणीचं. माळावरची एकाकी वस्ती, उघड्यावर पडलेलं लोखंड, घरांत बायका-मुलं, आणि पहाऱ्याला शिक्षा भोगलेले दोन दरोडेखोर.

दोघांच्या नावांपुढं आडनाव म्हणून त्यांची जातच लावली जायची, यावरून तो काळ लक्षात येतो. इंग्रजांनी १८७१ मध्ये केलेल्या कायद्यानं काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून टाकलं होतं. गुन्हा केला नसला तरी हजेरी द्यायची, गाव सोडायला परवानगी घ्यायची. अशा वातावरणात शिक्षा झालेल्या माणसाच्या हाती कुणी किल्ल्या देईल हे कल्पनेपलीकडचं होतं. ते दोघं वाडीचे भरवशाचे रखवालदार म्हणूनच ओळखले गेले. ज्याला रात्रीचा माळ, आडवाटा आणि चोराचं डोकं ठाऊक आहे त्याच्याइतका चांगला राखणदार कोण, असा यातला व्यवहारही असेल. पण नुसत्या व्यवहारानं हे होत नाही. आधी कुणीतरी भूतकाळाचा कागद बाजूला ठेवावा लागतो. आज पोलिस व्हेरिफिकेशनमध्ये एक जुनी नोंद निघाली की हातातली नोकरी जाते, तेव्हा हे दोघं आठवावेत.

वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असंही लक्ष्मणरावांचं धोरण होतं. १९१० च्या दशकातल्या दक्षिण महाराष्ट्रातल्या एका खेड्यात हे म्हणजे नांगर खपवण्यापेक्षा अवघड काम. एका वस्तीनं जात संपत नाही आणि वाडीनंही ती संपवली नाही. तरी पाणी, शेजार आणि काम यांत भेद करायचा नाही हे मालकानंच ठरवल्यावर रोजच्या जगण्यात काहीतरी हलतंच.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशातून येणारं कच्चं लोखंड मिळेनासं झालं. लोखंडाशिवाय नांगर कसा ओतणार? अशा वेळी कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी संस्थानातल्या निकामी झालेल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. कधीकाळी लढाईसाठी ओतलेलं लोखंड आता शेतकऱ्याच्या रानात फिरू लागलं. तोफेचे नांगर झाले, हे कवीला सुचावं तसं वाटतं, पण कारखान्याच्या लेखी तो निव्वळ कच्च्या मालाचा प्रश्न होता.

यानंतरचा काळ भराभर सांगता येईल, कारण इथून पुढं ती एका माणसाची धडपड राहत नाही, उद्योगसमूहाचा इतिहास होतो. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. नांगर आणि कुट्टीच्या जोडीला उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं आणि पंप आले. त्याच १९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी कारखान्याची माहिती देणारं 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. गिऱ्हाइकांसाठीचं हे पत्रक वाढत वाढत 'किर्लोस्कर' मासिक झालं. पुढं १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघालं. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या ही मासिकं वाचत मोठ्या झाल्या. चित्रकलेत रमणाऱ्या पुतण्याला काकांनी लेथवर उभं केलं नाही, यात काकांचा स्वतःचा अनुभव बोलत असावा.

मुलाच्या बाबतीत मात्र एक बदल दिसतो. स्वतः पदवीशिवाय इंजिनिअर झालेल्या लक्ष्मणरावांनी शंतनुरावांना अमेरिकेत शिकायला पाठवलं. १९२६ मध्ये ते एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर झाले. म्हणजे शिक्षणाला काही अर्थ नाही, असला निष्कर्ष लक्ष्मणरावांनी स्वतःच्या आयुष्यातून काढला नव्हता. डिग्री नसलेल्या यशस्वी माणसांची यादी व्हॉट्सअॅपवर फिरवणाऱ्यांनी हे जरूर बघावं. त्यांना कामाची किंमत कळत होती आणि शास्त्राचीही. फळणीकरांना काम देणारे आणि मुलाला एमआयटीत धाडणारे ते एकच गृहस्थ होते.

१९४६ मध्ये शंतनुरावांनी पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू केलं. वीज पोहोचायच्या आधीच्या महाराष्ट्रात विहिरीवर धडधडणारं डिझेल इंजिन ही बागायतीची खूण होती. जुन्नर-आंबेगावकडं साठी-सत्तरीतल्या कुणालाही विचारा, इंजिनाचा तो आवाज त्यांना आठवतो. लक्ष्मणरावांच्या नांगरानं रान पलटी केलं होतं, पुढच्या पिढीच्या इंजिनानं त्याला पाणी दिलं.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले, वयाच्या ८७ व्या वर्षी. जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्यानं त्यांच्या नावानं तिकीट काढलं. बेळगावात जिथं भावांचं सायकलचं दुकान होतं तो रस्ता आज किर्लोस्कर रोड आहे. आणि ज्या कुंडल रोड स्टेशनाजवळ १९१० मध्ये नुसता निवडुंग होता, ते स्टेशन आता सांगली जिल्ह्यात पुणे-मिरज मार्गावर आहे. त्याच्या पाटीवर किर्लोस्करवाडी लिहिलंय.